नारबोदच्या दिवशी आम्ही बाहेर जेवायला गेलो

तुमच्या आजोबांचे वाढदिवस दोन आहेत. एक कागदावरचा, जुलैची पहिली तारीख. त्यांना शाळेत घातलं तेव्हा जन्मतारीख कोणालाच सांगता आली नाही, म्हणून गुरुजींनी वर्गातल्या निम्म्या पोरांना दिलेली तारीख त्यांनाही देऊन टाकली. पेन्शन, आधार, बँक, सगळीकडे तीच चालते. दुसरा वाढदिवस त्यांच्या आईने सांगितलेला: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, नारबोद गावाबाहेर नेत होते तेव्हा. घरात आम्ही हाच धरतो. तो दर वर्षी वेगळ्या तारखेला येतो, त्यामुळे तुमचे फोन कधी चार दिवस आधी येतात, कधी आठवडाभर उशिरा, आणि आजोबा प्रत्येक वेळी तितक्याच आनंदाने 'थँक यू' म्हणतात.

नारबोद तुम्ही पाहिलेली नाही. गवत, काड्या आणि चिंध्यांची एक बाहुली करतात, सकाळी वाजतगाजत शिवेबाहेर नेतात आणि तिकडेच जाळून येतात. नेताना लोक दारात उभे राहून ओरडतात, खोकला घेऊन जा, खरूज घेऊन जा, डास घेऊन जा. माझं माहेर राज्याच्या हद्दीपलीकडे, नागपूरचं, तिथे हिला मारबत म्हणतात. ती वेशीबाहेर गेली की मग दिवसभर कोणी काही काम करत नाही. घरोघरी मटण शिजतं आणि पाहुणे येतात.

मागच्या वर्षी आजोबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. त्या दिवशी काय झालं ते मी तुम्हाला फोनवर थोडक्यात सांगितलं होतं, पण त्यातला माझा भाग गाळला होता. तो आता लिहिते.

आधी एक कबुली. त्याच्या आधीच्या दिवाळीत तुम्ही आला होतात तेव्हा तुमच्यातल्या धाकटीने मला विचारलं होतं, "आजोबा आमच्याबरोबर का जेवत नाहीत?" मी सांगितलं, त्यांना डॉक्टरांनी पथ्य दिलंय. ते खोटं होतं. पथ्य काही नव्हतं. त्यांचा उजवा हात कापतो. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, घाबरण्यासारखं काही नाही, गोळीने थोडा फरक पडेल, पूर्ण जाणार नाही. हात मांडीवर असला की शांत असतो. घास उचलला किंवा चमचा धरला की थरथरायला लागतो, आणि कोणी बघत असलं की जास्तच.

ते आधी असे नव्हते. कोर्टात पेशकार होते, जजसमोर फायली ठेवणारे कारकून, सगळं गाव ओळखायचं, आणि जेवायला माणसं लागायची. लग्नात पंगत बसली की दहा ओळखीचे हाका मारायचे. मग एका लग्नात त्यांच्या हातातली कढीची वाटी शेजारच्या माणसाच्या पांढऱ्या पँटवर सांडली. तो माणूस पँट पुसायला लागला. समोर बसलेला एक जण मात्र मोठ्याने म्हणाला, "क्या पेशकार साहब, दिन में ही चढ़ा ली?" सगळे हसले. आजोबांनी आयुष्यात कधी दारू घेतलेली नाही. तेही हसले, पान तसंच सोडून उठले, आणि त्यानंतर दोन वर्षं कोणासमोर जेवले नाहीत. घरीसुद्धा नाही. मला म्हणायचे, "तू जेवून घे, मी बसतो मंग." मग ताट घेऊन मागच्या खोलीत जायचे आणि खिडकीकडे तोंड करून, दाराकडे पाठ करून जेवायचे. मी स्वयंपाकघरात एकटी, ते तिकडे एकटे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असं जेवायचं मला जड जात होतं. लग्नाची आमंत्रणं आली की आहेर पाठवायचे आणि पोट बिघडल्याचं सांगायचे.

मी ठरवलं, पंचाहत्तरीला ह्यांना बाहेर न्यायचं आणि चार माणसांत जेवायला बसवायचं. एकदा बसले की भीती मोडेल.

तुम्हाला माझी सवय माहीत आहे. चाळीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं, धड्याचं टाचण काढल्याशिवाय कधी वर्गात पाऊल टाकलं नाही. तसंच हेही केलं. स्टेशनच्या रस्त्यावर एक नवीन हॉटेल उघडलं होतं, गार हवेचं. आठ दिवस आधी दुपारी एकटी जाऊन सगळ्या टेबलांशी बसून पाहिलं. मॅनेजर जबलपूरकडचा तरुण मुलगा होता, फार अदबीने बोलत होता. त्याला मी एक कागद लिहून दिला, वर इंग्रजीत, खाली हिंदीत. कोपऱ्यातलं टेबल हवं, आणि साहेबांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून. सूप कपात, तेही अर्धा कप. चमचे खोलगट. रस्सा, कढी असलं पातळ काही टेबलावर येऊ नये. केक आतच कापून बशांमध्ये आणावा. आणि वाढणाऱ्यांनी त्यांच्या हाताकडे बघू नये, ही ओळ मी खाली रेघ ओढून लिहिली होती.

मॅनेजर म्हणाला, "आप बिल्कुल चिंता मत कीजिए, माँजी।" मी केली नाही.

आजोबांना तयार करायला मात्र तीन दिवस लागले. शेवटी मी त्यांच्या मोठ्या बहिणीला कटंगीजवळच्या गावाहून बोलावून घेतलं. आम्ही सगळे तिला बाईच म्हणतो. बाई ऐंशीच्या पुढे आहे, एकटी बसने येते आणि कोणाचं ऐकत नाही. तिने पोळ्याच्या संध्याकाळी पिशवी ठेवल्या ठेवल्या भावाला सांगितलं, "मी हाटेलात कधी गेली नाई. तू नेतं का नाई ते सांग." ह्यावर ते काय बोलणार?

बाईला मी आधीच समजावून ठेवलं होतं की तिथे सगळं मऊ असेल, सूप वगैरे. ह्याचा परिणाम पुढे सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारबोद आमच्या गल्लीतून गेली. बाई दारात जाऊन उभी राहिली. आधी खोकला, मग ढेकूण, मग समोरच्या घरच्या कुत्र्याचं भुंकणं, सगळं तिने घेऊन जायला सांगितलं. आणि मग गळ्याच्या शिरा ताणून ओरडली, "माह्या भावाच्या हाताची थरथर घेऊन जाय वं नारबोद!"

समोरच्या दोन्ही गॅलऱ्यांत लोक होते. आजोबा ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, "बाई, आता सगळ्या मोहल्ल्याले समजलं."

"समजू दे. तुले काय चोरीचा आजार झाला हाय?"

ते पुन्हा पेपर वाचायला लागले. मी आत जाऊन त्यांचा नवा शर्ट इस्त्री केला.

दीड वाजता तुमची आत्या गाडी घेऊन आली. स्वयंपाकवालीला मी सुट्टी दिली होती, घरात दूध सोडून खायला तयार असं काही नव्हतं. संध्याकाळी मटण करायचं म्हणून ते सकाळीच आणून फ्रिजमध्ये ठेवलं होतं. बाईने निघताना मधुमेहाची गोळी घेतली, कारण ती जेवणाच्या आधी अर्धा तास घ्यायची असते आणि अर्ध्या तासात सूप समोर येणार असं मीच तिला सांगितलं होतं.

हॉटेलचं शटर अर्धं खाली होतं.

आत्या वाकून आत गेली आणि मॅनेजरला घेऊन बाहेर आली. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. त्याचे सगळे आचारी आणि वाढपी लामत्याकडच्या आणि आसपासच्या गावांचे, ते सकाळीच गावी निघून गेले होते. हा सण असतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. आणि मी? पन्नास वर्षं ह्या गावात राहते. ज्या दिवशी कोणी काम करत नाही तो दिवस आमच्या घरात वाढदिवसाचा, म्हणून आम्ही दर वर्षी तो घरीच केला. त्या दिवशी बाहेर कोणी आपल्याला रांधून वाढणार नाही, हे माझ्या कागदात कुठे नव्हतंच. आत्या म्हणाली, "आई, नारबोदच्या दिवशी टेबल बुक करणारी जिल्ह्यात तू एकटीच असशील."

एवढ्यावर भागलं असतं. पण मॅनेजर चांगला मुलगा होता, त्याला आपली बाजू स्वच्छ करायची होती. त्याने खिशातून माझा कागद काढला आणि गाडीच्या खिडकीतून आत धरला. "देखिए सर, मैंने पूरी तैयारी करवाई थी। सबको समझा दिया था कि दादाजी का हाथ काँपता है, कोई उधर देखेगा नहीं।"

कागद आजोबांनी घेतला. चष्मा लावला. कोर्टात फाईल वाचायचे तसा वरपासून खालपर्यंत वाचला, आधी इंग्रजी, मग हिंदी. घडी घालून माझ्याकडे मागच्या सीटवर दिला आणि आत्याला म्हणाले, "घरी चाल."

मी म्हणाले, "अहो, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून..."

"बाईनं वरडून सांगितलं त्याचं मले काही वाटलं नाई," ते समोर बघतच म्हणाले. "तू तर मले लपवाले निघाली. भिंतीकडे तोंड. तेच करून राह्यलो ना मी दोन वर्सापासून घरी? त्याच्यासाठी हाटेल काहाले पाहिजे?"

गाडी वळली. मला वाटलं, झालं, आता हा माणूस पुन्हा कधी बाहेर पडणार नाही, आणि ते दार माझ्याच हाताने बंद झालं. त्यांची मान मागून दिसत होती. नव्या शर्टाची कॉलर ताठ उभी होती.

गाडी बस स्टँडजवळ आली तेव्हा बाई म्हणाली, "मले गरगरून राह्यलं."

आम्ही तिघंही दचकलो. गोळी घेऊन पाऊण तास झाला होता. घर अजून दहा मिनिटांवर आणि घरात काही शिजलेलं नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची दुकानं बंद. एकच हातगाडी उघडी दिसली, डोशाची. गाडीवाला आंध्रकडचा माणूस, त्याच्या गावाला नारबोद नसते. आत्याने गाडी थांबवली, त्याच्याकडून आधी मूठभर साखर घेतली आणि बाईला खाऊ घातली. मग बाईला धरून लाकडी बाकावर बसवलं. पाच मिनिटांत बाईचा रंग परत आला आणि आवाजही.

"डोसा सांगा. चार."

आजोबा गाडीतच होते. बाईने हाक मारली, "बाबू, इकडे ये. माह्याजवळ बस."

ते उतरले, पण उभेच राहिले. पहिला डोसा आला, चांगला कुरकुरीत, कडेने तांबूस झालेला. बाईने त्याच्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. तिची कवळी घरी ग्लासात होती. सूप मिळणार म्हटल्यावर दात काहाले न्यायचे, असा तिने विचार केला होता.

मी लगेच पुढे झाले. "द्या, मी बारीक करून देते."

बाईने माझा हात बाजूला केला. "तू बस वहिनी. तू आज लय केलं." मग भावाला म्हणाली, "तू दे तोडून. मदला मऊ मऊ दे."

"माहा हात पाह्यला का तू?"

"तुह्या हाताले पाहून काय करू? मले भूक लागली."

ते तिच्याजवळ बसले. बसले ते रस्त्याकडे तोंड करून, कारण बाकाला दुसरी बाजूच नव्हती. त्यांनी डोशाचा मधला तुकडा तोडला, सांबारात बुडवला आणि तिच्या तोंडाकडे नेला. हात कापायला लागला. सांबार आधी तिच्या हनुवटीवर, मग लुगड्यावर, मग त्यांच्या नव्या शर्टावर उडालं. मी पदराचं टोक हातात घट्ट धरून बसले होते. उठायचं नाही, एवढंच स्वतःला बजावत होते.

बाईने घास चावला, गिळला आणि म्हणाली, "बापा! भरवून राह्यला का रंग खेळून राह्यला?"

आत्याला हसू आवरलं नाही. मी आजोबांकडे पाहायला घाबरत होते. त्यांनी शर्टावरचे डाग पाहिले, बाईची पिवळी हनुवटी पाहिली आणि हसले. दोन वर्षांत असं पोटातून हसताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. "तुहं तोंडच हालून राह्यलं बाई," ते म्हणाले. "माहा हात सरळ हाय."

दुसरा घास त्यांनी तिला दिला. तिसरा तोडला तेव्हा बाईने तोंड मिटून घेतलं आणि मानेने खूण केली, तू खा. त्यांनी तो खाल्ला. बस स्टँडसमोर, भर रस्त्यावर, दुपारी अडीचला.

तेवढ्यात एक स्कूटर थांबली. कोर्टातले एक वकील होते, आजोबांपेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान. "अरे, पेशकार साहब! आप यहाँ?"

आजोबांच्या बोटांत डोशाचा तुकडा होता आणि तो थरथरत होता. लपवायला जागा नव्हती.

"बर्थडे है," आजोबा म्हणाले. "बैठो। डोसा खाओ।"

वकील बसले. हाताकडे सरळ बघून त्यांनी विचारलं, "हाथ को क्या हुआ?"

"काँपता है।"

"दवा?"

"चल रही है।"

"चटनी इधर दीजिए," वकील म्हणाले, आणि मग अर्धा तास नवीन जज किती तारखा देतात ह्याबद्दल बोलत राहिले. आजोबांनी दोन डोसे खाल्ले. बरंचसं सांबार त्यांच्या शर्टाने खाल्लं. आत्याने फोटो काढला, तोच तुम्हाला पाठवला होता, आणि तुम्ही विचारलं होतंत की आजोबांनी होळी कधी खेळली.

संध्याकाळी मटण बाईने केलं, माझ्या स्वयंपाकघरात मलाच कांदे चिरायला बसवून. सोबत तांदळाचे चिले, म्हणजे धिरडी, जे मला आजवर नीट गोल जमलेले नाहीत. ताटं वाढताना मी सवयीने त्यांचं ताट वेगळं काढलं. मग थांबले आणि विचारलं, "कुठे ठेवू?"

"कुठं म्हंजे? सगळ्यायचं जिथं हाय तिथं."

केक हॉटेलच्या फ्रिजमध्येच राहिला होता. दुसऱ्या दिवशी मॅनेजर तो स्वतः घेऊन आला, माफी मागायला. आजोबांनी त्याला बसवून घेतलं आणि पुढच्या वर्षभराचे आमच्याकडचे सगळे सण लिहून घ्यायला लावले. केक मात्र त्यांनीच कापला. तुकडे वाकडेतिकडे झाले, एक तर अर्धा टीपॉयवरच पडला. मॅनेजरने तो उचलून खाल्ला.

सगळं बरं झालं असं मी लिहिणार नाही. हात तसाच आहे. काही दिवस असे येतात की ते अजूनही ताट घेऊन मागच्या खोलीत जातात, आणि मी जाऊ देते. पण असे दिवस कमी झालेत. आता मी टाचण काढत नाही, निदान त्यांच्या जेवणाचं तरी नाही. ही सवय सोडणं मला त्यांच्या हातापेक्षा अवघड जातंय, असं तुमची आत्या म्हणते.

गेल्या महिन्यात आमच्या कॉलनीत एकांच्या नव्या घराची वास्तुशांत होती. आमंत्रण आलं तेव्हा मी ते नुसतं टेबलावर ठेवून दिलं. दुपारी ते स्वतःच धोतर शोधायला लागले. तिथे गच्चीवर पंगत होती, पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या, मध्ये पाण्याची टाकी. मला टाकीपलीकडचं काही दिसत नव्हतं. आवाज येत होते, कोणीतरी काहीतरी सांगत होतं, लोक हसत होते. कशाला हसत होते ते कळायला मार्ग नव्हता.

घरमालकीण माझ्याजवळ वाकून म्हणाली, "काकू, साहेब तिकडे बसलेत. त्यांच्या पानावर काय वाढायचं, काय नाही, काही सांगायचंय का?"

"काही नाही," मी म्हणाले, "ते सांगतील," आणि माझ्या पानावर भात वाढून घेतला.